घर्षण-नोंद : चोर निघाला तो पंप

पाण्यात चिमूटभर पॉलिमर (लांब साखळीसारखे रेणू असलेला पदार्थ) विरघळवला की नळीतले घर्षण किती घटते, हे मी घरी मोजतो आहे. मागच्या नोंदीतील गळती बंद झाली आणि पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरने अखेर आपला प्रभाव दाखवला. १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सेकंदाला २ मीटर वेग, म्हणजे रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळीचा ते सांगणारा आकडा) सुमारे २४,००० असताना, एक मीटर अंतरासाठी मॅनोमीटरमधील (दाबातला फरक दाखवणाऱ्या नळीतील) पातळ्यांचा फरक साध्या पाण्याला ४३ सेंटीमीटर भरला, तर २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) द्रावणाला अवघा २२; फरक कमी म्हणजे घर्षण कमी. शंभर लिटर पाण्यात फक्त २ ग्रॅम पूड! मात्र तेच द्रावण पंपाने पुन्हा फिरवताच फरक २९, मग ३५ आणि चौथ्या फेरीत ३९ झाला.

पहिला संशय गुठळ्यांवर गेला. म्हणून पूड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून पाण्यात सोडली आणि रात्रभर संथपणे ढवळली (मिक्सर चुकूनही वापरू नये). घसरण तशीच राहिली. मग दाबछिद्रांच्या (मॅनोमीटर जोडायला नळीला पाडलेल्या छिद्रांच्या) कडा घासल्या, तापमान तपासले आणि पूड जुनी दिली म्हणून पुरवठादाराला मनातल्या मनात बोल लावले. पूड खराब असती तर पहिलाच आकडा वाईट आला असता, हे तेव्हा सुचले नाही. शेवटी पंप वगळून ताजे द्रावण जिन्यावर ठेवलेल्या पिंपातून, वेग तेवढाच राखून, सोडले. फरक १८ आला. बादल्यांनी वर नेऊन पुन्हा सोडले, तरी १९ च.

पंपाच्या इंपेलरपाशी (फिरत्या पात्यांपाशी) प्रवाह इतका जोरात ताणला जातो की पॉलिमरच्या लांब साखळ्या साधारण मध्यावर तुटतात, आणि सर्वांत आधी तुटतात त्या सर्वांत लांब, म्हणजे भिंतीलगतचे भोवरे दडपण्याचे खरे काम करणाऱ्या. नळीतील खळबळही त्यांना थोडेफार तोडते, पण पंपापुढे ते काहीच नाही.

यापुढे पिंप आणि बादलीच, असे ठरवले होते. पण हे लिहिताना अलास्काची तेलवाहिनी आठवली. तिथे १९७९ पासून तेलात विरघळणारे पॉलिमर वापरात आले, आणि अशा वाहिन्यांत ते तेल पंपातून बाहेर पडल्यावर सोडतात. तसे केले तर माझाही पंप राहील. ०.२ टक्के द्रावण शंभरास एक या प्रमाणात सोडायचे, तर सेकंदाला सव्वादोन मिलिलिटर लागेल; म्हणजे ६० मिलिलिटरची सिरिंज सुमारे २६ सेकंद पुरेल आणि मॅनोमीटर १० सेकंदांत स्थिरावतो. प्रश्न एकच: पहिल्या दाबछिद्रापर्यंतच्या एका मीटरमध्ये ते घट्ट द्रावण नीट मिसळेल का? पंपानंतर टी-जोड चिकटवून ठेवला आहे. आधी सिरिंजमध्ये शाई भरून पाहणार आहे.