झारांचा खजिना आणि त्यातला नगरचा हिरा

क्रेमलिनमधल्या शस्त्रागार संग्रहालयाचं तिकीट काढलं की झारांचे हिरेही बघायला मिळतील, अशा समजात राहू नका. ‘अल्माझनी फोंद’, म्हणजे हिऱ्यांचा खजिना, त्याच इमारतीत आहे. पण तिकीट वेगळं, रांग वेगळी. फोटो काढायला सक्त मनाई. गुरुवारी सगळंच बंद.

आत शिरल्यावर आधी नजर जाते मुकुटावर. १७६२ साली सम्राज्ञी कॅथरीनसाठी घडवलेला, जवळपास ५ हजार हिऱ्यांचा, आणि वर ३९८ कॅरेटचा लालभडक स्पिनेल, म्हणजे माणकासारखा दिसणारा खडा. शेवटचा झार निकोलस दुसरा याने १८९६ च्या राज्याभिषेकाला हाच घातला होता. मला मात्र एकच प्रश्न पडला होता: झारचं अख्खं कुटुंब मारलं गेलं, मग हे सगळं शाबूत कसं राहिलं?

त्याचं श्रेय एका घाईला द्यायला हवं. १९१४ साली महायुद्ध पेटलं तेव्हा तेव्हाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग इथले दागिने पेट्यांत भरून मॉस्कोला हलवले गेले. क्रांती झाली, झार गेला, पेट्या क्रेमलिनमध्येच पडून. १९२२ साली त्या उघडल्या. खनिजतज्ज्ञ अलेक्सांदर फर्समन आणि सहकाऱ्यांनी एकेक नग तपासला आणि १९२५-२६ मध्ये सचित्र यादी छापली. नव्या सरकारला परकीय चलन हवंच होतं. १९२७ साली लंडनच्या ख्रिस्तीजमध्ये १२४ लॉट लिलावात निघाले. झारांच्या रोमानोव्ह घराण्यातल्या नववधूंचा लग्नातला मुकुटही त्यात गेला. तो आज वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. काय काय हातचं गेलं, ते त्या छापील यादीमुळेच कळतं.

हे झालं राज्याचं धन. कुटुंबाच्या खासगी दागिन्यांची गोष्ट वाचवत नाही. झार आणि झारीना येकातेरिनबुर्गच्या कैदेत, तीन मुली आणि आजारी मुलगा अजून सायबेरियातल्या टोबोल्स्कला. आईचा निरोप आला, ‘औषधांची’ ठरल्याप्रमाणे व्यवस्था करा. औषधं म्हणजे हिरे. मुलींनी ते कॉर्सेटमध्ये शिवून घेतले. १७ जुलै १९१८ च्या रात्री तळघरात गोळ्या त्यांवर आपटून उडत राहिल्या आणि मरण लांबलं. मारेकऱ्यांचा म्होरक्या युरोव्स्की यानेच हे लिहून ठेवलंय. टोबोल्स्कला मागे लपवलेले १५४ दागिने पुढे १९३३ साली गुप्त पोलिसांनी हुडकून काढले.

मी खरा खिळलो तो ‘शाह’ हिऱ्यापाशी. ८८.७ कॅरेट, बोटाच्या दोन पेरांएवढा, किंचित पिवळसर. पैलू पाडून चमकवलेला नाही, मूळ आकार जपून नुसता घासलेला. दोरा बांधायला एका टोकाला गोल खाच. जवळ वाकलं की फारसी अक्षरं दिसतात. तीन राजांची नावं: शाहजहान, इराणचा फतेह अली शाह, आणि सगळ्यांत जुनं बुऱ्हाण निजामशाह, हिजरी १०००, म्हणजे १५९१. आपला नगरचा! १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, हिरा पुढे मोगलांकडे गेला आणि मग इराणला. १८२९ साली तेहरानमध्ये जमावाने रशियन राजदूत, नाटककार ग्रिबोयेदोव यांना ठार मारलं. प्रकरण निवळावं म्हणून शहाने नातवाबरोबर झारला नजराणा पाठवला, त्यात हा होता.

शेजारच्या राजदंडातला १८९ कॅरेटचा ओर्लोव्ह हिराही हिंदुस्थानचाच. पण त्याच्याभोवती देवाचा डोळा वगैरे दंतकथांचं जाळं इतकं, की मला त्यात रस वाटेना. शाहवर मालकांनी स्वतःच सही केलीय, हे बरं.

गाइड बाईंनी रशियन वळणाने ‘अखमदनगर’ म्हटलं. मी उत्साहाने सांगितलं, ‘पुण्याहून आम्ही तिथे तीन तासांत पोचतो.’ त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या कपाटाकडे हात केला. मागचा गट दारात ताटकळत होता.