उंदीरमामाची दाढ

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर खालच्या दाढेत शेंगदाण्याचा कण. टूथपिक मी वापरत नाही. घरात याला घाण सवय म्हणतात, पण अडकलेलं जिभेनंच काढायचं हा माझा बाणा आहे. त्यापायी माझ्या दाढांचा भूगोल मला तोंडपाठ झालाय. कुठे उंचवटा, कुठे घळ, कुठल्या घळीत कोथिंबीर बसते आणि कुठल्या घळीत दाण्याचं कूट.

हे उंचवटे कोण ठरवतं? तोंडात दात दिसायच्या कितीतरी आधी ते ठरलेलं असतं. दुधाच्या दातांची तयारी आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. भावी हिरडीतला थर जाड होतो, त्याची कळी आत शिरते, आणि मग त्या कळीत पेशींची एक बारीक गाठ जमते. ही गाठ स्वतः वाढत नाही, आजूबाजूच्यांना मात्र वाढायला लावते. (असा एक काका प्रत्येक घरात असतो.) पुढे दाढेत अशा आणखी गाठी होतात, आणि जिथे गाठ तिथे उंचवटा.

मला वाटायचं, सगळे हुकूम जनुकांचे. पण दाताभोवती जबडाही वाढत असतो, आणि तो जागा देईल तेवढीच. उंदराच्या दाढेवरचे उंचवटे समोरासमोर असतात. व्होल नावाचा त्याचा एक नातलग आहे थंड मुलखातला, त्याचे मात्र आडवेतिडवे, एक पुढे एक मागे. हेलसिंकीच्या संशोधकांनी उंदराच्या गर्भातली वाढती दाढ बशीत वाढवली आणि दोन्ही बाजूंनी तिला अडवून धरलं. उंचवटे सरकले, व्होलसारखे तिरपे बसले! जनुकाला कुणी हात लावला नव्हता, नुसती चिंचोळी जागा. हे २०१७ साली छापून आलं. आमची आत्या कुणाचेही वेडेवाकडे दात बघितले की निदान करायची, ‘‘जबडा आईचा, दात बापाचे, मावायचे कसे?’’ तिला बशीची गरज पडली नाही.

आणि उंदीरच का निवडला असेल, हे आम्हा वाड्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणाचा दात पडला की सगळी पोरं अंगणात गोळा व्हायची. आजी दात शेणाच्या गोळ्यात घालून द्यायची. तो कौलांवर भिरकवायचा आणि ओरडायचं, ‘‘उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे!’’ गोळा पन्हळीत अडकला की रडारड. शेजारच्या वाड्याच्या कौलांवर गेला तर तिथल्या उंदराचे दात येणार, अशी भीती थोरली पोरं घालायची, आणि तिकडचे उंदीर म्हणे दुय्यम प्रतीचे. परवा भाचीचा दात पडला, तर चौथ्या मजल्यावरून फेकायचा कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार यायची. शेवटी तुळशीच्या कुंडीत पुरला.

दुधाच्या दाताच्या एनॅमलमध्ये (दातावरचं कडक कवच), म्हणजे ज्यांचं एनॅमल जन्माच्या आधी आणि नंतरही घडलं त्या दातांत, जन्माची एक रेघ असते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हणजे आम्ही सगळ्यांनी जन्माचे दाखले कौलांवर फेकले आणि वर उंदराला मामा म्हटलं.

काहींचे मात्र राहिले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला, तीनेक हजार वर्षांपूर्वी, बाळ गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी ते उकरले, दात तपासले. काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर समोरून बारीक खळगे आहेत. त्याचं एक स्पष्टीकरण असं देतात, की पोषण कमी पडलं की सुळ्यावरचं हाड विरळ राहतं, आणि तान्ह्या बाळाच्या गालावर जरासा दाब आला तरी आत घडणाऱ्या दाताला तो पोचतो. एनॅमल एकदा झालं की भरून येत नाही. त्यातल्या कित्येकांचे दात पडायचं वयच आलं नाही.