वजाचं एक चिन्ह

"मॅडम, शून्य येतच नाहीये."

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी उघडी वही घेऊनच दारात उभी होती. प्रोजेक्टचं गणित म्हणजे फाइनमन गेजमध्ये (गणितासाठी निवडलेल्या एका सोयीच्या मांडणीत) ग्लुऑनची, म्हणजे क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणाची, एका लूपची सेल्फ-एनर्जी: तो कण वाटेत क्षणभर इतर कणांच्या जोडीत बदलून परत येतो, त्याचा परिणाम. उत्तराला ग्लुऑनच्या संवेगाने गुणलं की शून्य यायलाच हवं. क्वार्कचा लूप एकटाच शून्य देत होता, म्हणून तीन रात्री ती ग्लुऑनच्याच लूपमध्ये चूक शोधत बसली होती.

तो लूप बरोबर होता. उत्तराच्या अनंताकडे जाणाऱ्या भागात दोन पदं: अवकाश-काळाच्या मेट्रिकपुढे १९/१२, संवेगांच्या जोडीपुढे -११/६. शून्य यायचं तर शेवटी हे दोन आकडे एकमेकांना कापायला हवेत. घोस्टचा, म्हणजे गेज ठरवताना गणितात येणाऱ्या, प्रत्यक्षात न दिसणाऱ्या क्षेत्राचा, लूप मिळवल्यावर मात्र तिच्याकडे ३/२ आणि -२ उरत होते. घोस्टला स्पिन नाही, म्हणून तिने तो साध्या स्केलर (स्पिन शून्य असलेल्या) कणासारखा मोजला होता. फर्मिऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या) बंद लूपला लागतं तसं वजा चिन्ह राहून गेलं होतं.

चिन्ह दाखवून तिला पाठवता आलं असतं. पण तिने विचारलं, "स्पिन शून्य असताना फर्मिऑनसारखं का वागायचं?"

फाद्देएव आणि पोपोव या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये, गेज ठरवताना येणारा डिटर्मिनंट अंशात आणण्यासाठी ही क्षेत्रं वापरली, एवढंच मी दरवर्षी सांगत आले होते. ती म्हणाली, "मग ही नुसती युक्तीच झाली ना?" तिचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही कधी झालं नव्हतं.

मी फळ्यापाशी गेले. गेज ठरवून टाकलं की मूळ सममिती (क्षेत्रं ठरावीक रीतीने बदलली तरी समीकरणं तीच राहण्याचा गुण) जाते, पण एक उरते: रूपांतरणाच्या प्राचलाच्या जागी खुद्द घोस्ट ठेवायचा. १९७५ च्या सुमारास मार्सेयमध्ये बेकी, रुए आणि स्तोरा यांना ती सापडली, मॉस्कोत त्युतिन यांना स्वतंत्रपणे, म्हणून चौघांच्या आद्याक्षरांवरून बीआरएसटी. हे रूपांतरण लागोपाठ दोनदा केलं की शून्य मिळतं. आम्ही ग्लुऑनवर ते दोनदा करून पाहिलं. दोन घोस्टची अदलाबदल केल्यावर चिन्ह पलटतं म्हणूनच पदं कटत होती. उरलेली जेकोबी आयडेंटिटीने (ठरावीक तीन पदांची बेरीज शून्य असते या नियमाने) गेली. घोस्ट साधे स्केलर धरले असते तर काहीच कटलं नसतं. ग्लुऑनच्या संवेगाने गुणल्यावर शून्य यायला हवं, हेही याच सममितीतून निघतं.

तिने तिथेच वहीत चिन्ह बदललं. घोस्टचे आता +१/१२ आणि +१/६. बेरीज ५/३ आणि -५/३.

ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, फळा पुसू नका. घोस्टवर दोनदा केल्यावर काय होतं ते मी करते," आणि खडू मागायला तिने हात पुढे केला.