बॉस्टन ते फिलाडेल्फिया, बेलीफ आप्पांसोबत

आमचे आप्पा तालुका कोर्टात बेलीफ होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी कोर्ट डोक्यातून गेलेलं नाही, त्यामुळे बॉस्टनला आल्यावर मॉल-बिल राहू दे, कायद्याचं काही घडलं असेल ते दाखव म्हणाले. मग काय, फ्रीडम ट्रेल. इंग्रजांविरुद्धच्या अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याच्या जागा जोडणारी फुटपाथवर अडीच मैलांची लाल रेघ आहे, तिच्यामागे चालत राहायचं. गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर सगळी रेघ पुरी करायच्या भानगडीत पडू नका, ओल्ड स्टेट हाऊस आणि ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस बघा (दोन्हीकडे तिकीट आहे), पुरे. मेट्रोचं स्टेट स्टेशन तर ओल्ड स्टेट हाऊसच्या खालीच आहे.

आप्पा तिथेच अडकले. १७६१ मध्ये, म्हणजे बॉस्टन इंग्रजांची वसाहत होतं तेव्हा, याच इमारतीत जेम्स ओटिस नावाचा वकील 'रिट्स ऑफ असिस्टन्स'विरुद्ध काही तास बोलला होता. हे रिट म्हणजे कस्टमवाल्यांना दिलेला कोरा परवाना, चोरटा माल शोधायला कुणाच्याही घरात घुसा, नाव नाही पत्ता नाही, आणि मुदत राजा असेपर्यंत अधिक सहा महिने! इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० ला वारला म्हणून ती नव्याने काढायची वेळ आली आणि केस उभी राहिली. आप्पा म्हणाले, "बिननावाचं वॉरंट? आमच्याकडे साधी जप्ती असली तरी चतुःसीमा लिहून लागायची." ओटिस केस हरला, पण पुढे अमेरिकन घटनेच्या चौथ्या दुरुस्तीत आलंच ना, वॉरंटमध्ये जागा कुठली आणि शोधायचं काय ते नेमकं लिहा म्हणून. मला आवडलं ते हे की ओटिस नवीन काही मागतच नव्हता, इंग्रजाचं घर हा त्याचा किल्ला हा जुना इंग्रजी कायदाच तो इंग्रज सरकारला ऐकवत होता.

बाहेर रस्त्यात दगडांचं गोल वर्तुळ आहे, लोक त्यावर उभे राहून कॉफी पितात. ५ मार्च १७७० ला इंग्रज सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या, पाच जण गेले, ती खूण. आणि त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं कुणी, तर जॉन अ‍ॅडम्सने (हाच पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला), म्हणजे इंग्रजांच्या विरोधी गोटातल्याच माणसाने! सहा सैनिक सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. शहर पेटलेलं असताना.

ओल्ड साऊथमध्ये चहाची कथा. १६ डिसेंबर १७७३, करावर चिडलेल्या बॉस्टनकरांनी जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या बंदराच्या पाण्यात फेकल्या. कंपनी तीच, आपल्या ओळखीची ईस्ट इंडिया. गंमत म्हणजे चहा उलट स्वस्त झाला होता, भांडण भावाचं नव्हतंच, आमचा माणूस लंडनच्या पार्लमेंटमध्ये नाही तर कर कसला, हे होतं. त्याच साली इकडे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता, हे आप्पांनी तिथल्या गाईडला मराठीत सांगितलं, त्याने मान डोलावली.

फिलाडेल्फियाला ट्रेनने पाच-साडेपाच तास, डबा बरोबर घ्या. इंडिपेन्डन्स हॉलचं वेळेचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, चार्ज किरकोळ आहे पण आयत्या वेळी मिळेलच असं नाही. शेजारी लिबर्टी बेल ही प्रसिद्ध जुनी घंटा, ती फुकट.

हॉल छोटासाच. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथलाच आणि १७८७ ची घटनाही, तेव्हा गुप्तता म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवून बसले होते बिचारे. घटनेची घाई का, तर त्याआधीच्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजबरोबर बंड केलं होतं, कोर्टंच बंद पाडली, म्हणजे जप्तीच नको! इथे मात्र आप्पा शेतकऱ्यांच्या बाजूने. जप्त्या त्यांनी स्वतः केल्यात, बोलले नाहीत फारसं.

शेजारच्या काँग्रेस हॉलमध्येही जा, लोक चुकवतात. घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ ला लागू झाल्या तेव्हा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, इथे बसायची. आठवी दुरुस्ती, जादा जामीन नको, क्रूर शिक्षा नको, ही तर १६८९ च्या इंग्लिश बिल ऑफ राइट्समधून जवळपास शब्दशः उचललीय. घटनेची मूळ प्रत इथे शोधू नका, ती वॉशिंग्टनला.

आणि आत जाताना सिक्युरिटी कडक आहे. आप्पांच्या चंचीतला अडकित्ता निघाला, वर हे मलाच विचारतात, "झडतीचं वॉरंट आहे का याच्याकडे?" हॉटेलवर परत जाऊन ठेवून आलो, स्लॉट थोडक्यात वाचला. तुम्ही अडकित्ता आधीच बॅगेत टाका.