तुम्ही विचारलेत म्हणून: कर्ज तीस वर्षांचे, विमा एका वर्षाचा

मी गृहकर्जाची प्रकरणे तपासतो हे कळले की कोणी ना कोणी हमखास विचारते, ‘हवामान बदलले, पूर आला, तर नुकसान घरात राहणाऱ्याचे, बँकेचे त्यात काय जाते?’ प्रश्न रास्त आहे. बरीच वर्षे बँकांचीही हीच समजूत होती.

बँकेच्या हाती घर नसते, घराच्या किमतीवरचा हक्क असतो. घर 100चे आणि कर्ज 80 असेल, तर मधले 20 एवढाच तिचा आधार. घर कोसळावे लागत नाही. त्या वस्तीत पाणी शिरते हे गिऱ्हाइकांच्या मनात बसून किंमत 30 टक्क्यांनी उतरली, की तो आधार संपतो. कर्जदार हप्ते भरत असेपर्यंत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मात्र त्याच पुरात त्याची मिळकत थांबली, दुरुस्तीचा खर्च अंगावर आला आणि हप्ते थकले, तर लिलावात कर्जाइतकीही बोली येत नाही. आजारपणाने किंवा नोकरी गेल्याने कर्जदार एकेकटे थकतात, पूर मात्र सगळी वस्ती एका रात्रीत गाठतो. त्यामुळे कर्जे शंभर जणांत वाटली म्हणजे जोखीम वाटली गेली, हा आमचा जुना हिशेब तिथे चुकतो.

‘पण विमा असतो ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. खरी मेख तिथेच आहे. कर्ज वीस-तीस वर्षांचे असते आणि घराचा विमा बहुधा एका वर्षाचा. विमा कंपनी दर वर्षी हप्ता वाढवू शकते किंवा नूतनीकरण नाकारून मोकळी होऊ शकते. बँकेला तसे मध्येच उठून जाता येत नाही. कॅलिफोर्नियात 2023 मध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने नवे अर्ज घेणे थांबवले, त्यामागे वणव्यांची वाढती जोखीम हेही एक कारण होते. विमा नसेल तर नव्या खरेदीदाराला कर्ज मिळत नाही, कर्ज नसेल तर गिऱ्हाईक येत नाही, आणि मग जुन्या कर्जाचे तारण आगीची झळ न लागताच उतरते. ब्रिटनमध्ये पुराचा धोका असलेल्या घरांचा विमा परवडावा म्हणून 2016 साली ‘फ्लड री’ ही योजना सुरू झाली, पण ती 2039 पर्यंतच आहे. आज दिलेले पंचवीस वर्षांचे कर्ज त्यानंतरही फिटायचे असेल.

पूरक्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषेचेही तसेच. अमेरिकेत 1973च्या कायद्यापासून पूरक्षेत्रातल्या घरावर बँकेने कर्ज देताना पूरविमा सहसा बंधनकारक आहे, आणि पूरक्षेत्र म्हणजे जिथे दर वर्षी पुराची शक्यता किमान 1 टक्का आहे अशी जागा. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तीस वर्षांच्या कर्जात तो साधारण 26 टक्के होतो, म्हणजे चारातल्या एका घराहून थोडा अधिक. आणि तोही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असे धरून. 2017च्या हार्वे वादळात ह्यूस्टन परिसरात पाणी शिरलेली कितीतरी घरे त्या रेषेबाहेर होती, म्हणून त्यांना विम्याची सक्तीही नव्हती.

काही बँका धोक्याची कर्जे दुसऱ्याला विकून सुटतात. त्याने जोखीम नाहीशी होत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो.

एक फाईल मला अजून आठवते. मूल्यांकन अहवालात क्षेत्रफळ, बांधकामाचे वय, रस्त्याची रुंदी, शेजारच्या विक्रीचे दर असे सगळे रकाने व्यवस्थित भरलेले होते. जोत्याची उंची किंवा पूर्वी पाणी आले होते का, याला रकानाच नव्हता. भेट कोरड्या दिवसांतली. फोटोंत मात्र प्रत्येक खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत नव्या रंगाचा पट्टा होता, आणि त्याची वरची कड सगळीकडे एकाच पातळीत होती. मी विचारणा केली; ‘नुकतेच रंगकाम झाले आहे,’ असे उत्तर आले. रकान्यात बसणारी हरकत माझ्याकडे नव्हती. विम्याची पावती दर वर्षी सादर करावी, एवढी एक अट घालून कर्ज मंजूर झाले. पहिल्या वर्षाची पावती फायलीत आहे.