चाचांनी स्वतःचा तंगूस कापला

शनिवार, रात्री साडेदहा

जेवताना हिनं विचारलं, "मासे नाही लागले म्हणून एवढं तोंड पाडायचं?" मी हो म्हटलं. तेच सोपं होतं. मासे तसेही लागले नव्हतेच. दोन शेंगट्या, त्याही बोटभर, परत सोडल्या.

झालं ते एवढंच. सकाळी चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यावर माझा दोरा चाचांच्या दोऱ्यात गुंतला आणि चाचांनी स्वतःचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, कापला. माझा नाही, स्वतःचा. मग बाटली उचलली, पिशवी उचलली आणि पार त्या टोकाला जाऊन बसले. रागावले नाहीत, बोलले नाहीत. मी काहीच बोललो नाही.

दिवसभर मी दुकानात बसून हेच घोळवतोय. का कापला?

मुळात चूक कुठं झाली ते लिहून काढतो, म्हणजे तेवढं तरी डोक्यातून जाईल. आज सप्तमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे खाडीच्या तोंडाशी, दाभोळला, सव्वापाच. तिथून पाणी आपल्याकडे वर चढेपर्यंत आणखी वेळ जातो, तेव्हा पाणी फिरणार सातच्या आसपास. अष्टमी तोंडावर, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमी, ओढ असून असून किती असणार? म्हणून वीस ग्रॅमचं शिसं लावलं. हलकं शिसं, जिवंत कोलंबी, छान मोकळी फिरते, जिताडा नाही तर तांबोशी तरी येईल असा माझा शहाणपणा. पण कोयनेचं पाणी मी धरलंच नव्हतं. पोफळीला यंत्रं फिरली की वीज जाते कुठच्या कुठं आणि वापरलेलं पाणी येतं आपल्या वाशिष्ठीत. माझे वडील, आबा, म्हणायचे, पंचांगात तिथी मिळते, वीजघराचं वेळापत्रक मिळत नाही. सातला पाणी फिरलं आणि सुकतीनं, म्हणजे ओहोटीनं, असा काही जोर धरला की माझं शिसं तळ सोडून घरंगळत खाली निघालं. खाली चाचा. त्यांच्याही खाली ते दोघे भाऊ.

पाणी फिरलं की वरच्यानं आधी गुंडाळायचं. धक्क्यावर हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं. तसंच बाकीचंही. बसलेल्याच्या दोऱ्यावरून पलीकडे पाय टाकायचा नाही, मागून वळसा घ्यायचा. दुसऱ्याच्या बादलीत डोकवायचं नाही. गरवायला निघालेल्याला कुठं चाललास विचारायचं नाही. कोणाला मोठा लागला की शेजारच्यांनी आपापले दोरे वर घ्यायचे, मग त्याचा दहा मिनिटं खेळ चालो नाही तर अर्धा तास. आणि बॅटरी पाण्यावर मारायची नाही. मगरींमुळे काठावरून पाण्यात उतरायची सोय नाही, त्यामुळे सगळे त्या एका धक्क्यावर, हाताहातावर बसलेले. तिथं या गोष्टी पाळल्या नाहीत तर रोज मारामाऱ्याच व्हायच्या.

मी गुंडाळलं नाही. फोन बघत होतो. दादाचा मेसेज आला होता, त्याच त्या जमिनीचा. ते राहू दे आत्ता.

गुंता वर आला तेव्हा लिंबाएवढा होता. माझा दोरा ब्रेड, म्हणजे विणलेला, केसासारखा बारीक, हिरवा. त्यांचा तंगूस जाड, उन्हानं पिवळा पडलेला, पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला. टोकाला शिशाच्या जागी स्कूटरचा जुना स्पार्क प्लग. ब्रेडनं त्या तंगुसाला आठ-दहा वेढे घालून वर स्वतःलाच गाठ मारून घेतली होती. चाचा उकिडवे बसले. दोऱ्याचं एक टोक चपलेखाली दाबलं आणि नखानं एकेक वेढा सैल करायला लागले. त्यांच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, त्या चिरेत ब्रेड अडकायचा, मग ते हात झटकायचे. पाच मिनिटं गेली असतील. मग एकदा गुंत्याकडे बघितलं, एकदा माझ्या रॉडकडे. टोपीच्या घडीतून ब्लेडचं अर्धं पान काढलं आणि स्वतःचा तंगूस दोन ठिकाणी कापला. माझा ब्रेड अलगद मोकळा झाला. तो त्यांनी हातभर बोटांतून ओढून बघितला, कुठं खरचटला तर नाही ना. मग माझ्या हातात दिला. कापलेले तुकडे खिशात घातले, कारण खाली टाकले की बगळ्यांच्या पायात जातात.

माझा ब्रेड चौदाशेचा. त्यांच्या तंगुसाचं अख्खं बंडल साठ-सत्तर रुपयांना मिळतं. व्यवहारानं बघितलं तर त्यांनी बरोबरच केलं. पण व्यवहार म्हणून केलं का? की मला दाखवायला, की बाबा रे, तुला तुझा दोरा प्यारा, घे? की काही मनातच नव्हतं, सुटेना म्हणून हाताला येईल ते कापलं? आबांचा मुलगा म्हणून सांभाळून घेतलं म्हणावं, तर मग उठून लांब का गेले?

खरं सांगायचं तर मला रडूच यायला लागलं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. चौदा वर्षं पुण्यात काढून परत आलो, तीन वर्षं झाली, तरी त्या धक्क्यावर मी अजून पाहुणाच आहे. बाकीचे एकमेकांना हाका मारतात, चहाचा थर्मास फिरतो, माझ्यापाशी येऊन थांबतो आणि तिथून पुढे जरा जास्तच अदबीनं जातो. आबा असते तर. त्यांच्या काठ्या माळ्यावर होत्या, २०२१ च्या पुरात माळ्यासकट गेल्या. नंतर नदीतला गाळ काढला तशा जुन्या जागाही बदलल्या, आबांनी दाखवलेला एक कोंड, खोल डोह, आता मला सापडत नाही. म्हणजे माझ्याकडे ना काठी, ना जागा, आणि वर हे.

हे वाचून मलाच हसू आलं. पुरापर्यंत पोचलो! एका गुंत्यासाठी.

तर मग खरं लिहितो. वर म्हटलंय, मी काहीच बोललो नाही. बोललो होतो. चाचा खाली बसले, त्यांनी पहिला वेढा नखानं उचलला, तेव्हा मी वरून म्हणालो, "जरा सांभाळून हां, ब्रेड आहे." त्यांनी मान हलवली. चूक माझी, गुंता माझ्यामुळे, सोडवत होता सत्तरीचा माणूस, गुडघे धरून. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय, तर सांभाळून हां. त्यानंतर त्यांनी कोणाचा दोरा कापायचा होता? दिवसभर का, का करत बसलो. मीच तर सांगितलं होतं.

आता जरा बरं वाटतंय. लाज वाटतेय, पण कोडं सुटलं. पाहुण्यासारखं वागवतात म्हणे. पाहुण्यासारखा बोलल्यावर काय करतील बिचारे?

निघताना मी त्या टोकावरून गेलो, मागून वळसा घालून, तेवढं भान होतं. चाचांनी नवीन गरी बांधली होती, दातानं गाठ ओढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जड लाव." एवढंच. आबांना ते असंच तोडून बोलायचे. आबा तिथी धरायचे, चाचा चांदतारीख, दोघांच्यात एखाद्या दिवसाचा फरक पडायचा आणि भरती नेमकी कधी यावरून धक्क्यावर तासभर वाद. भरती यायची तेव्हा यायची. तेव्हा त्या "जड लाव"चा मी दुपारभर टोमणा करून ठेवला होता. आत्ता वाटतंय, शिसं जड लाव, एवढंच असेल.

उद्या काय करायचं? दुपारी बाजारात त्यांच्यासाठी तंगुसाचं बंडल घेतलं होतं, चांगल्यातलं. घरी आल्यावर बघितलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. ते हातात ठेवलं की हिशेब होतो. तुमचे साठ रुपये गेले, हे घ्या, फिटलं. चाचा घेतील, मान हलवतील आणि परत त्या टोकाला बसतील. माफी मागायला जावं तर सगळे बघणार, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आमिषाचं मात्र तसं नाही. कोलंबी कोणीही कोणालाही देतं, "जास्त झाली, घ्या" म्हणायचं, घेणाराही विचार करत नाही. तेव्हा संध्याकाळी जाऊन जिवंत कोलंबी आणली, लागते त्याच्या दुप्पट. बादली मोरीत ठेवली आहे, हवेचा पंप चालू आहे. त्याच्या घरघरीनं ही दोनदा उठून आली, "हे रात्रभर चालणार का?" म्हणून.

अष्टमी, दाभोळला सहा. पाणी आठच्या सुमाराला फिरेल. साठ ग्रॅमचं शिसं काढून ठेवलंय. गजर पाचचा लावला, उशिरा गेलो तर त्या टोकाची जागा मिळायची नाही.