हे घरात आलं कसं?

आमच्या सर्व्हेच्या कागदावर शेवटून दुसरा रकाना आहे : ‘घरात आलं कसं?’ पलंग, सोफा, कपाट, प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे तो भरायचाच. नवीन पोरं हसतात आणि ‘दुकानातून’ असं लिहून मोकळी होतात. मग मी त्यांना परत पाठवते. तीन दसऱ्यांपूर्वी हा रकाना नव्हता.

मी आणि माझा नवरा कळव्यातून घरसामान शिफ्टिंगचं काम करतो. एक चौदा फुटी आयशर, एक छोटा हत्ती, सहा पोरं आणि एक सुतारमामा. गाड्या आणि पोरं नवरा बघतो, सर्व्हे माझ्याकडे. कारण साधं आहे. सर्व्हेला बाई आली की घरातली बाई कपाटं उघडून दाखवते, माळ्यावर काय आहे ते खरं सांगते. पुरुष गेला की ‘फार काही नाही हो, तीसेक खोकी होतील’ एवढ्यावर बोळवण. मग ऐन दिवशी माळ्यावरून पितळेची पिंपं, वीस पाट आणि अहेरात आलेले, अजून न उघडलेले तीन मिक्सर खाली उतरतात आणि गाडीत जागा नसते.

लोकांना वाटतं, शिफ्टिंगचं प्लॅनिंग म्हणजे गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची ते. रस्ता महत्त्वाचा आहेच. ठाण्यात अवजड गाड्यांच्या वेळांचे आदेश बदलत राहतात आणि घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांनी रस्ता कुठे किती खाल्लाय ते आदल्या रात्री पाहून ठेवावं लागतं. पण मी प्लॅन उलटा करते, नव्या घराच्या आतून बाहेर. बेडरूमचं दार किती, पॅसेजमध्ये वळण कसं, लिफ्टचं दार किती, आतली खोली किती, गाडी लिफ्टपर्यंत जाते की गेटवरच्या आडव्या बारला टेकते, सोसायटी किती वाजेपर्यंत सामान चढवू देते, डिपॉझिट किती. जुन्या घराची मापं त्यानंतर. बदलापूर, टिटवाळ्याकडून ठाण्यात येणारी माणसं ऐसपैस घरांतून येतात. तिकडे वस्तू दारातून गेली नाही तर गॅलरीतून दोर लावून घेतात, शेजारचे चार जण धावून येतात. टॉवरमध्ये तसं चालत नाही. लिफ्टमध्ये मावेल तेच घरात जाईल.

तारखेचंही तसंच. भाड्याच्या घरांची गर्दी महिनाअखेरीला, अकरा महिन्यांचे करार तेव्हाच संपतात म्हणून. स्वतःच्या घराची गर्दी पंचांग ठरवतं. पितृपक्षात आमचा फोन वाजत नाही, पोरं गावाला जाऊन येतात. आणि दसऱ्याला एका दिवसात पाच घरांची विचारणा असते. मी दसऱ्याला एकच घर घेते. त्या वर्षी घेतलं ते बदलापूरचं.

तळमजल्याचं बैठं घर, मागे शेवग्याचं झाड. घरात काका, काकू आणि ब्याऐंशी वर्षांच्या आजी. मानपाड्याला एकोणिसाव्या मजल्यावर नवा फ्लॅट. काकूंनी फ्रंट लोड मशीनचा ड्रम बांधायचे बोल्ट सात वर्षं एका डबीत जपून ठेवले होते. ते पाहूनच मला बाई आवडली. नाहीतर ते बोल्ट कोणाकडेच सापडत नाहीत आणि ड्रम वाटभर आपटत जातो. एसी आदल्या दिवशी उतरवायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायचा, सिलेंडर एजन्सीत जमा करून त्याचा कागद घ्यायचा, सगळं त्यांच्या वहीत आधीच लिहिलेलं होतं.

अडचण एकच होती. आजींच्या खोलीतलं कपाट. उंची सहा फूट नऊ इंच, रुंदी चार फूट, खोली वीस इंच. अस्सल साग, पण त्यावर पिस्ता रंगाच्या ऑइल पेंटचे इतके थर की लाकूड दिसतच नव्हतं. आजोबा दर दोन दिवाळ्यांनी स्वतः रंगवायचे म्हणे. मामांनी टकटक करून पाहिलं, मागून पाहिलं, एक स्क्रू दिसेना. ‘अखंड आहे, असंच न्यावं लागेल.’ मी मानपाड्याला जाऊन सर्व्हिस लिफ्ट मोजली. आतली खोली सात फूट दहा इंच. आडवं घातलं की सरळ आत. मी कागदावर बरोबरची खूण केली. माणसांची लिफ्ट मोजलीच नाही. गरज काय?

दसऱ्याच्या पहाटे कळव्यात पूजा झाली. दोन्ही गाड्या, मामांची पेटी, टेपचे रोल, ढकलगाडी, सगळ्यांना हार. दसऱ्याला झेंडूचा भाव काय होतो ते सांगायला नको, म्हणून नवऱ्याने हारांत पांढरी शेवंती जास्त घालून आणली होती.

साडेसहाला बदलापूरला भरायला लागलो. साडेनऊला गाडी सुटली ती कटाई नाका, शीळफाटा, मुंब्रा बायपास. साकेतच्या पुलावर पाऊण तास गेला. काका आजींना आणि देवांना घेऊन पुढे पोचले होते, मुहूर्त साधायला. तिथे दूध ऊतू घालायचं तर पाइपचा गॅस सुरू झालेला नव्हता, आणि झाला असता तरी सिलेंडरच्या शेगडीला त्याचे नोझल बदलावे लागतात. शेवटी शेजारणीचं इंडक्शन आणलं. दूध गेलं ऊतू. ‘जाळ नाही न् काय नाही, हे कसलं ऊतू जाणं,’ असं म्हणून आजी देवापुढे जाऊन बसल्या.

त्याच दिवशी त्या टॉवरमध्ये आमच्याखेरीज आणखी दोन कुटुंबं येत होती आणि तेविसाव्या मजल्यावर एका फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू होतं. सर्व्हिस लिफ्ट एक. मॅनेजरने मला फोनवर ‘मॅडम, सकाळपासून तुमचीच’ असं सांगितलं होतं, तेच बाकीच्यांनाही सांगितलं होतं. लेखी मागितलं नाही ही चूक माझी. तरीही आळीपाळीने फेऱ्या चालल्या होत्या. पावणेदोनला ढकलगाडी वरून रिकामी खाली आली, पोरांनी बाहेर काढली, आणि लिफ्टचं दार मिटेना. मिटत यायचं, चार बोटं राहिली की परत उघडायचं. पाच वेळा, सहा वेळा. तेविसाव्या मजल्याची दोन पोरं प्लाय घेऊन थांबली होती. त्यांतल्या एकाने तळहाताने दार दाबलं. वरून खट् असा आवाज आला आणि लिफ्ट बंद पडली.

मी त्या पोरांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सकाळपासूनचा साकेतचा पूल, ऑक्टोबरचं ऊन, मॅनेजरचं ‘तुमचीच’, सगळं त्यांच्या अंगावर काढलं. वीस-बावीस वर्षांची पोरं, मान खाली घालून उभी. ‘मॅडम, हात लावला फक्त.’ मी म्हटलं, तुझ्या हातानेच गेली ना!

लिफ्टवाल्याला फोन केला. दसरा! ‘माणूस पाठवतो’ एवढंच उत्तर. मॅनेजरने उपकार केल्यासारखी माणसांची एक लिफ्ट दिली, आत गोणपाट लावून. आठ माणसं, ५४४ किलो. खोकी गेली, फ्रिज उभा गेला, पलंग सुटा होता तो गेला, गाद्या दुमडून गेल्या. साडेचारला लॉबीत एकच वस्तू उरली. पिस्ता रंगाची.

आता टेप काढली. दार दोन फूट सात इंच, उंची सहा फूट सात. आत रुंदी सव्वाचार फूट, खोली तीन फूट सात. उभं केलं तर दोन इंचांनी दाराच्या वरच्या पट्टीला अडतं, आडवं तर जातच नाही. तिरकं करून पाहिलं. टेपला लाज वाटली नाही, मला वाटली. जिना मोजला : मजल्याला अठरा पायऱ्या. एकोणीस मजले म्हणजे ३४२. पोरं सकाळी साडेसहापासून उभी होती. मोठा पोऱ्या म्हणाला, ‘ताई, चढवू, पण उतरताना आम्हाला कोण उतरवणार?’ मॅनेजर दर दहा मिनिटांनी येत होता. सहाला पोडियमवर कार्यक्रम, लॉबी मोकळी हवी, गाडी रात्री आत थांबणार नाही. काका म्हणाले, ‘राहू दे, विकून टाकू, आईला मी समजावतो.’ काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका गाडी लावायला निघून गेले.

आजी खाली आल्या त्या कपाट बघायला नव्हे. हातात आपट्याची पानं होती, पोरांना सोनं द्यायला. लॉबीत कपाट, त्याभोवती बसलेले आम्ही. मी त्यांना समजावू लागले, लिफ्ट, इंच, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अगं पण बाळ, हे उभं आलंच कुठे होतं?’

‘म्हणजे?’

‘माझ्या लग्नात वडिलांनी दिलं. राजापूरहून. तेव्हा कुठली रेल्वे न् काय, मुसाकाजीहून बोटीनं. बोट उभी खोल पाण्यात, आपण पडावातून तिथवर जायचं. पडावात उभं कपाट कोण घेतोय? फळ्यांची दोन ओझी होती, सुंभाने बांधलेली. भाऊच्या धक्क्यावर ह्यांनी हमाल केला. घरी आणून सुताराने एका दुपारात उभं केलं.’

मामा काही बोलले नाहीत. पेटीतून पटाशी काढली, कपाटाच्या बाजूला खाली बसले आणि वरून वीतभर अंतरावर रंग खरवडायला लागले. पिस्ता, त्याखाली आकाशी, त्याखाली राखाडी, मग एक तपकिरी थर. ऑइल पेंट सालीसारखा वळून निघत होता. त्याखाली, सपाट वाटणाऱ्या लाकडात, एक चौकोन दिसला, अंगठ्याच्या नखाएवढा, वेगळ्या रेषांचा. पाचर. आडव्या फळीचं कुसू, म्हणजे टोकाला कोरून ठेवलेली जीभ, उभ्या फळीच्या भोकातून आरपार आलेलं आणि त्यात पाचर ठोकलेली. मामांनी मागच्या बाजूने लाकडाचा ठोकळा ठेवून दोन हलके ठोके मारले. ती इतकी सहज बाहेर आली की मामाच दचकले. ‘साठ वर्षं झाली ताई, आणि अजून सुकी आहे,’ म्हणाले, आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली, विडीच्या जागी.

बारा पाचरी निघाल्या. अकरा शाबूत, एकीचं टोक तुटलं. प्रत्येक सांध्याच्या आत, रंग कधी पोचलाच नव्हता तिथे, पटाशीने मारलेल्या रेघा होत्या. एका फळीवर एक रेघ, तिच्या जोडीदारावर एक. पुढच्या जोडीवर दोन. तिसरीवर तीन. राजापूरच्या सुताराने मुंबईच्या सुतारासाठी लिहून ठेवलेलं. आमची पोरं खोक्यांवर मार्करने ‘किचन ३’ लिहितात, तेच. मामांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि पोरांना सांगितलं, खडूबिडू काही लावू नका, सगळं आहे ह्याच्यात.

पिस्ता फळ्या माणसांच्या लिफ्टमधून चार फेऱ्यांत वर गेल्या. बाजूची मोठी फळी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी धरून गेली, आणि ती धरायला माणूस कमी पडला तेव्हा प्लायवाला एक पोरगा न बोलावता आला. मी त्याला थँक्यू म्हटलं. जरा जोरात म्हटलं, दुपारचं भरून निघावं म्हणून.

सात वाजेपर्यंत कपाट आजींच्या खोलीत उभं होतं. तुटलेल्या पाचरीच्या जागी मामांनी कपाटाच्याच तळाच्या पट्टीतून एक चिपोटी काढून नवी घडली. आजींनी पहिल्यांदा काय ठेवलं तर आपट्याची पानं, वरच्या कप्प्यात. मग काकूंकडून वीसच्या नोटा मागून घेतल्या आणि सगळ्यांना सोन्याबरोबर एकेक दिली.

साडेसातला लिफ्टवाला आला. वाकून दाराच्या खालच्या खाचेत बॅटरी मारली आणि स्क्रूड्रायव्हरने तिथून काहीतरी उकरायला लागला. खाचेत कचरा गेला की दार मिटत नाही, मिटलं नाही की जबरदस्तीने ढकलतात, आणि ढकललं की वरचा पट्टा सुटतो, असं तो मॅनेजरला सांगत होता. रोजचंच आहे म्हणाला. उकरलेलं सगळं त्याने जुन्या वर्तमानपत्रावर काढून ठेवलं. चेचलेल्या पाकळ्या, दोरा, देठ.

मॅनेजर म्हणाला, ‘आमच्याच तोरणाचं असणार.’ लिफ्टच्या दारावर सोसायटीचं तोरण होतं खरं. मीही वर पाहिलं. नुसता झेंडू होता, केशरी.

वर्तमानपत्रावर अर्ध्या पाकळ्या पांढऱ्या होत्या.

लॉबीच्या कडेला आमची ढकलगाडी उभी होती. तिच्या दांड्याला सकाळी बांधलेल्या हाराचा दोरा लोंबत होता, खाली दोन शेवंतीची फुलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘मॅनेजरसाहेब,’ मी म्हटलं, ‘तोरण तुमचं नाही. हार आमचा आहे.’

त्याला एक क्षण कळेना. मग कळलं. ‘मग हे डिपॉझिटमधून कापायचं का?’

‘कापा. काकांना मी देते.’

तो पावती करायला आत गेला. मी प्लायवाल्या पोरांना शोधत गेटपर्यंत गेले. वॉचमन म्हणाला, ती साडेसहालाच गेली, आज त्यांना लवकर सुट्टी होती.